काशिराम भोईर यांनी नाकारलेलं पद्म

पनवेलला टपाल नाक्याजवळ काशिराम भोईर यांचं ट्रॉफ्यांचं दुकान आहे. पाटीवर 'सन्मान आर्ट्स' असं लिहिलेलं असलं तरी लोक नुसतं 'काशिरामकडे' म्हणतात. मोमेंटो, पदकं, मानपत्राच्या फ्रेमा, नावं कोरलेल्या पितळी पट्ट्या असा सगळा माल तिथे मिळतो. शेजारच्या गाळ्यात अली मुकादम यांचं शालींचं दुकान, आणि दोघांच्या मधल्या कट्ट्यावर नारळवाला. त्यामुळे कुणाचा सत्कार करायचं एखाद्याच्या मनात आलं, की एका जागी उभ्या उभ्या सगळी तयारी होते. फक्त सत्काराला माणूस तेवढा शोधावा लागतो.

तोही मिळणं अलीकडे अवघड झालं आहे, कारण पनवेलात पुरस्कार न मिळालेला माणूस सापडणं कठीण. एका सोसायटीने 'उत्कृष्ट शेजारी' पुरस्कार काढला. ज्यांना तो मिळाला त्यांच्याशी वरचे, खालचे आणि समोरचे दुसऱ्या दिवसापासून बोलेनासे झाले. एका मंडळाने वर्षअखेरीच्या कार्यक्रमात सगळ्यांना काही ना काही देऊन टाकलं आणि खुर्च्यांमध्ये एकच गृहस्थ रिकाम्या हातांनी उरले, तेव्हा त्यांना आयत्या वेळी 'उत्कृष्ट प्रेक्षक' म्हणून जाहीर करण्यात आलं. ही सगळी सन्मानचिन्हं काशिरामांच्या हातची. ते स्वतः मात्र प्रत्येक समारंभात पडद्यामागे फेविक्विकची ट्यूब धरून उभे असत. ऐन वेळी एखाद्या ट्रॉफीची मान मोडते, आणि ती पाहुण्यांच्या हातात जाण्याआधी बसवावी लागते. त्यामुळे त्यांचा सत्कार करायचं कुणाला सुचलंच नाही.

काशिराम मूळचे कोन गावचे, बायको दमयंती समुद्रकाठच्या करंज्याची. काशिराम अंगाने बारीक आणि बोलायला कमी. पण जानेवारी उजाडला की त्यांना कंठ फुटायचा. पद्म पुरस्कारांची यादी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी लागते, आणि त्या सुमाराला त्यांचा आणि अलीभाईंचा दरवर्षीचा वाद सुरू व्हायचा. काशिरामांचं म्हणणं असं, की देशाने असले मान देणं बंद करावं. एवढा मोठा देश, त्यातून तुम्ही मूठभर माणसं निवडणार. म्हणजे बाकीच्यांचं काम कमी होतं का? शिवाय ज्याची कुणी शिफारस करत नाही, तो मेला तरी कुणाला कळत नाही. अलीभाईंना हे पटत नसे. ते म्हणायचे, की कधी एखादी आदिवासी बाई अनवाणी चालत जाते आणि अख्खं राष्ट्रपती भवन तिच्यासाठी उभं राहतं, ते बघायला मिळतं ना? तेवढ्यासाठी बाकीचा पसारा चालवून घ्यावा. आणि मान बंद झाले तर शाली कोण घेणार, हा मुद्दा ते सर्वांत शेवटी, जरा हळू आवाजात मांडायचे.

तर एका पंचवीस जानेवारीला, दुपारच्या वेळी, दिनानाथ पाठारे सर दुकानात आले. सर निवृत्त शिक्षक, तीन मंडळांचे अध्यक्ष आणि अगणित व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांचे अ‍ॅडमिन. दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनासाठी त्यांना मोमेंटो न्यायचे होते. काशिराम पट्ट्या चिकटवण्यात गुंतले होते आणि दोन्ही हात गोंदाने बरबटलेले होते. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो कोपराने सरकवत कसाबसा खांद्यात धरला.

फोन दिल्लीचा होता. तिथल्या घाऊक व्यापाऱ्याकडून काशिराम वर्षानुवर्षं माल मागवत. त्या व्यापाऱ्याने कमळाच्या आकाराची एक नवी ट्रॉफी काढली होती आणि तिचं नाव 'पद्म' ठेवलं होतं. दिवाळीला पाठवलेल्या पेटीतल्या प्रत्येक कमळाच्या पाकळ्या गळल्या होत्या. आता तो दुसरी पेटी पाठवतो म्हणत होता. सरांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त काशिराम दिसत होते, आणि काशिराम म्हणत होते, "दिल्ली से? हां, बोलिए. नहीं भाईसाब, पद्म नहीं चाहिए. बिलकुल नहीं. हमारे यहां लोग हंसते हैं उस पे. किसी और को दे दो."

यादी जाहीर होण्याआधी दिल्लीहून फोन येतो आणि तुम्हाला मान मंजूर आहे का असं विचारतात, हे सरांनी ऐकलेलं होतं. ते मोमेंटो न घेताच बाहेर पडले. नाक्यावरच्या रसवंतीत बसून त्यांनी पहिला मेसेज लिहिला आणि एकामागून एक सगळ्या ग्रुपांवर सोडला. पनवेलच्या सुपुत्राने पद्म पुरस्कार बाणेदारपणे धुडकावला, असं त्यात होतं. शेवटी हात जोडलेल्या चित्रांची रांग होती.

काशिराम ओवे गावातल्या एका शाळेला पदकं पोचवायला गेले होते आणि त्यांच्या फोनची बॅटरी संपली होती. संध्याकाळी परत आले तर दुकानापुढे गर्दी. त्यांना वाटलं आग लागली. स्कूटर टाकून ते धावले, तर लोकांनी त्यांना उचलून घेतलं. दोन विजेच्या खांबांच्या मध्ये फ्लेक्ससुद्धा लागला होता: 'दिल्लीपुढे न झुकणारा पनवेलचा वाघ'. फोटो घाईघाईत मिळाला नसावा, कारण त्यात काशिराम कुणाच्या तरी हळदीत जेवताना दिसत होते.

त्यांनी सगळ्यांना सांगायचा प्रयत्न केला, की तो फोन ट्रॉफीवाल्याचा होता. सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लोकांना म्हणाले, की बघा, किती नम्र माणूस आहे. थोड्या वेळाने टीव्हीवर यादी आली. तिच्यात काशिरामांचं नाव नव्हतं. मग तर कुणाला शंकाच उरली नाही. नाकारल्यावर नाव येईल कसं?

घरी दमयंतीबाई वेगळ्याच कारणाने तापल्या होत्या. करंज्याहून माहेरच्यांचे फोन येऊन गेले होते. त्या शेजारणींना सांगत होत्या, "आमचा मानूस भाजीत मीठ नसला तरी नाय बोलत नाय. तो दिल्लीला नाय बोलला, आनि मना विचारलापन नाय." दिल्लीला जाताना कुठली साडी नेसायची, हे त्यांचं मनातल्या मनात ठरूनही गेलं होतं, आणि नवरा घरात येताच त्यांनी ते बोलूनही दाखवलं. काशिरामांनी पाकळी गळालेलं एक कमळ त्यांच्यापुढे ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. ऐकून त्या इतक्या हसल्या, की त्यांना उचकी लागली. मग म्हणाल्या, की साडीचं बोलले ते कुणाला सांगू नका.

पुढचे काही दिवस पनवेलात दुसरा विषय नव्हता. एका बाजूचे लोक म्हणत, काशिरामांनी बरोबर केलं; ज्यांचे हात वरपर्यंत पोचतात त्यांनाच असली पदकं मिळतात. दुसऱ्या बाजूचे म्हणत, की हा देशाचा अपमान आहे आणि नको होतं तर निदान गावातल्या दुसऱ्या कुणाचं नाव सुचवायला हवं होतं. 'दुसऱ्या कुणाचं' म्हणताना प्रत्येकाची मान विनयाने जराशी खाली जाई. एका केशकर्तनालयात हा वाद एवढा वाढला, की एका गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी झाली आणि तो तसाच तावातावाने निघून गेला.

शेवटी पाठारे सरांच्या मंडळाने ठरवलं, की पुरस्कार नाकारल्याबद्दल काशिरामांना पुरस्कार द्यायचा. त्यात काही विसंगती आहे असं मंडळाच्या सभेत कुणाला वाटलं नाही. 'नकारगौरव' असं नाव ठरलं. ऑर्डर घेऊन सर काशिरामांकडेच आले, कारण गावात दुसरं दुकान नव्हतं. काशिरामांनी पुन्हा एकदा खरं काय ते सांगितलं. सरांनी ते पुन्हा एकदा ऐकलं नाही. तुमच्या नम्रतेची आता सवय झाली आहे, म्हणाले.

त्या दुपारी काशिराम कोरायच्या मशीनपुढे बसले. आजवर पनवेलातलं बहुतेक प्रत्येक नाव त्यांनी त्या मशीनवर कोरलं होतं. स्वतःचं टाइप करताना मात्र त्यांनी 'भोईर'मधला ई आधी ऱ्हस्व काढला, मग दीर्घ केला, मग अलीभाईंना बोलावून विचारलं. अलीभाई म्हणाले, "मला काय विचारता, नाव तुमचं आहे." पट्टी झाली. काशिरामांनी ती उन्हात धरून पाहिली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. छान दिसत होती. त्याचाच त्यांना राग आला.

समारंभ एका लग्नाच्या हॉलमध्ये झाला. हॉल भरला होता. पुढच्या रांगांमध्ये समाजरत्न, समाजभूषण आणि जीवनगौरव बसले होते, बहुतेक सगळी काशिरामांची जुनी गिऱ्हाइकं. अलीभाईंनी आपल्याकडची सगळ्यात चांगली शाल आणली होती. सरांनी भाषणात काशिरामांची तुलना हिमालयाशी केली. मग काशिराम माइकपुढे उभे राहिले. त्यांनी ठरवून आणलं होतं, की लांबण लावायची नाही.

"लोकहो, पद्म म्हंजे काय तुमाला म्हायत हाय का," ते म्हणाले. "लांबून सोन्याचा वाटतो. हातात घेतला की प्लास्टिक. आनि चार दिवसांत पाकल्या गलतात. म्हनून मी नको बोललो."

टाळ्यांनी हॉल दणाणला. इतकं मार्मिक रूपक आपण ऐकलं नव्हतं, असं एक जीवनगौरव शेजारच्या समाजभूषणाला म्हणाले. काशिरामांनी घाबरून खिशातलं कमळ काढलं आणि लोकांना दाखवलं. एक पाकळी तिथेच गळून पडली. लोक उठून उभे राहिले.

तेव्हा दमयंतीबाई पदर खोचून स्टेजवर चढल्या. त्यांनी नवऱ्याच्या खिशातून फोन काढला, दिल्लीचा नंबर लावला आणि फोन माइकला टेकवला. पलीकडून आवाज आला, की भाईसाब, माफ करना, पद्म की पूरी पेटी वापस ले रहे हैं, गोंद खराब निकला.

उभे राहिलेले लोक एकमेकांकडे बघू लागले. पाठारे सर खाली बसले. त्यांचा चेहरा पाहून काशिरामांना वाईट वाटलं. कुणीतरी मागून म्हणालं, की मग हा पुरस्कार परत घ्यायला पाहिजे, माणसाने काही केलेलंच नाही.

काशिराम माइकपाशी परत आले. ते रागावले नव्हते. "घ्या परत," ते म्हणाले. "पन न करता मिलालेले सगलेच परत घ्यायचे असतील, तर मना टेम्पो लागेल."

पहिल्या रांगेत खोकल्याची साथ आली. मग मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी हसलं, आणि हळूहळू सगळा हॉल हसायला लागला. सगळ्यात शेवटी सर हसले, पण हसले. दमयंतीबाईंनी शाल तोवर स्वतःच्या खांद्यावर घेतली होती, कारण हॉलचा एसी फार गार होता. ती परत मागायची कुणाची हिंमत झाली नाही. जेवणात पुलाव आणि जिलेबी होती, आणि ती सगळ्यांनी निवांत खाल्ली.

यानंतर काशिरामांच्या मतात जरा फरक पडला. ते अलीभाईंना म्हणाले, की पट्टीवर आपलं नाव बघताना मला बरं वाटलं, खोटं असूनही बरं वाटलं. मग खऱ्याखुऱ्या माणसाला किती वाटत असेल. बंद करा म्हणणं आता जिवावर येतं. अलीभाई म्हणाले, की मग नुसतं बोलू नका. पद्मसाठी कुणीही कुणाचं नाव सुचवू शकतो, आपण सुचवू.

दोघं चहा घेऊन बसले आणि पनवेलातली लायक माणसं आठवू लागले. काशिराम एक नाव काढत, तर अलीभाईंना त्या माणसाचं काहीतरी ठाऊक असे. अलीभाई नाव काढत, तर काशिरामांना. चहा गार झाला, पण एकही नाव टिकलं नाही. अलीभाई शेवटी म्हणाले, "दिल्लीवाले आपल्याला ओळखत नाहीत, म्हणून त्यांना देणं जमतं."

तोडगा दमयंतीबाईंनी काढला. करंज्याला त्यांची किशोरी आत्या होती. बंदरातल्या लहान पोरांना धक्क्यावरून पाण्यात ढकलून पोहायला शिकवणं, हे तिचं आयुष्यभराचं काम. ढकलल्यावर ती स्वतः मागोमाग उडी मारायची. तिच्या हाताखालचं एकही पोर बुडालं नव्हतं, आणि पुढे मोठं होऊन बोटीवर गेल्यावरही नाही. पनवेलात तिला कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळे हरकत घ्यायलाही कुणी नव्हतं. काशिरामांनी आणि अलीभाईंनी मिळून मोबाइलवर तिचं नाव सुचवलं. तिने काय केलं ते लिहिताना दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

मग दमयंतीबाईंनी आत्याला फोन करून विचारलं, की मिळालाच, तर दिल्लीला येशील ना. आत्याने आधी सोहळा कधी असतो ते विचारलं. उन्हाळ्याच्या तोंडावर, असं दमयंतीबाईंनी सांगितलं.

"तवा बोंबील सुकत घातलेले असतात," ती म्हणाली. "त्यांना बोल, पावसाल्यात ठेवा. पावसाल्यात मी मोकली हाय."

काशिरामांनी हे तसंच्या तसं दिल्लीला लिहून पाठवावं की नाही, यावर सध्या दोन्ही दुकानांत वाद चालू आहे.