खापरावरचा पिझ्झा

पिझ्झाचं नाव कोणी काढलं की माझं डोकं तडकतं. पिझ्झाने माझं काही वाकडं केलेलं नाही. जे केलं ते बन्सीलालशेठने, आणि तेही माझ्या आत्याचं.

आत्या म्हणजे मंजुळाबाई, माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर-सासर दोन्ही पारोळ्याकडचं, बोली अहिराणी. नवरा गेल्यावर ती जळगावात आमच्या वस्तीत राहायला आली. तिच्या हातचे मांडे एकदा खाल्ले की माणूस पुन्हा मागायचाच. भिजवलेल्या कणकेचा गोळा ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खेळवायची, त्याचा पातळ पदर करायची आणि उपड्या खापरावर अलगद टाकायची. आम्ही बौद्ध, आमच्यात कुठेही लग्न निघालं की आत्याला आधी सांगावा जायचा. बाकीच्या गावाला तिच्या हातचं चालत नव्हतं. खेड्यात तिला पाणी वरून ओतत. जळगावात तसं तोंडावर कोणी करत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

बन्सीलालशेठचं स्टेशनजवळ फराळाचं हॉटेल होतं आणि आत्या तिथे मागच्या मोरीवर भांडी घासायची. चौऱ्याण्णव साली शेठचा मुलगा मुंबईहून पिझ्झाचं खूळ घेऊन आला. सोबत विजेची भट्टी. त्या भट्टीतून निघायचा तो पिझ्झा नव्हताच, चपलेचा तळ होता. एका रविवारी वीज गेली. गिऱ्हाईक भरलेलं, शेठ घामाघूम. आत्या उठली, घरून खापर घेऊन आली, मैद्याचा गोळा हातावर वाढवून सुलट्या ठेवलेल्या खापरावर टाकला, वर टोमॅटो आणि चीज पसरलं, झाकण ठेवून त्यावर निखारे घातले. बाहेर लोकांनी बोटं चाटली.

त्या दिवसापासून भांडी दुसऱ्या बाईकडे गेली आणि आत्या पिझ्झा करू लागली. पण कुठे? मोरीशेजारीच, गोणपाटाच्या पडद्याआड. कारागीर कोण म्हणून कोणी विचारलं की शेठ छाती काढून सांगायचा, "खास मुंबईचा आहे." मी घरी आदळआपट करायचे. आत्या नुसती हसायची.

"बापसारखीच शे तू. लगेच तापस," म्हणायची.

पुढे शेठने हॉटेल रंगवलं आणि दर्शनी भिंतीवर पेंटरकडून पिझ्झाची कहाणी लिहून घेतली. आत्याला वाचता येत नव्हतं आणि पुढच्या हॉलमध्ये यायची तिला मुभा नव्हती. तिने मला पाठवलं. मी कॉलेजातून परत येताना तिथे चहा घेतला आणि सगळं वाचून काढलं. इटलीत नेपल्स नावाचं बंदर आहे. तिथले मजूर, कोळी रस्त्यात उभ्याने ही भाकरी खात, वर टोमॅटो टाकून. मोठ्या घरचे लोक तिच्याकडे बघून नाक मुरडत. मग म्हणे एक राणी तिथे आली, तिने ही गरिबांची भाकरी मागवली, खाल्ली, आणि बनवणाऱ्याला वाखाणलं. पुढे पोटासाठी देश सोडलेल्या माणसांनी ती अमेरिकेत नेली, तिथून ती जगभर गेली. पेंटरने राणीला मुकुटासोबत नथही घातली होती. त्या भिंतीखाली बसून शहाणीसुरती माणसं माझ्या आत्याच्या हातचं खात होती आणि मुंबईच्या कारागिराचं कौतुक करत होती. मला चहा गोड लागेना.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आत्याने एकच विचारलं.

"राणीनी करनारले नाव दिनं?"

"हो. सगळ्यांसमोर वाखाणलं."

त्यानंतर ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने शेठला सांगितलं, "माले बी समोर बसाडा. लोकस्ले दिसू द्या." काय झालं ते तिने मला संध्याकाळी जसंच्या तसं सांगितलं. शेठ म्हणाला, "मंजुळाबाई, मागे काय वाईट आहे? पंखा लावून देतो."

"शेठ, तुम्ही एकदा तरी खादा का मना हातना?"

"अहो, मला मैदा पचत नाही."

बिचाऱ्याचं पोट नाजूक असेल, असं तिला खरंच वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली तर हाच शेठ गल्ल्यावर बसून चहात खारी बुडवून खात होता. एक संपली की दुसरी. खारी काय ज्वारीची असते?

त्या रविवारी मी मुद्दाम हॉटेलात जाऊन बसले. हॉल भरलेला होता. गोणपाट बाजूला झालं आणि आत्या बाहेर आली. हातांवर पीठ, पदर खोचलेला, थाळीत वाफाळता पिझ्झा. एकाही टेबलाकडे न बघता ती सरळ गल्ल्याशी गेली आणि थाळी शेठच्या पुढ्यात ठेवली.

"खा. बठ्ठासना समोर खा," सगळ्या हॉलवरून हात फिरवत ती म्हणाली.

"हे काय चाललंय? आत जा आधी."

"मुंबईना कारागीर मीच शे. मंजुळा. बौद्धवाडामा राहस. आते तरी खा."

खिडकीजवळच्या एका बाईने तोंडातला घास रुमालात काढला. मला तिथल्या तिथे तिचा रुमाल तिच्याच तोंडात कोंबावासा वाटला. एक म्हातारे गृहस्थ मात्र मान खाली घालून खातच राहिले. शेठने थाळीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. एक तुकडा तोडायला हवा होता त्याने, एवढंच. त्याचा हात उचललासुद्धा गेला.

"माझा आज उपास आहे," तो म्हणाला.

आत्याने भिंतीकडे बोट केलं. इतकी वर्षं ती त्याला अहोजाहो करायची.

"राणीनी खादा. राणीपेक्षा मोठा शे का रे तू?"

आत्या आत गेली, निखारे विझवले, तापलेलं खापर गोणपाटाच्या त्याच पडद्यात गुंडाळलं आणि डोक्यावर घेतलं. मागचं दार जवळ होतं. ती सगळ्या टेबलांमधून चालत, लोकांना पाय आवरायला लावत, पुढच्या दाराने बाहेर पडली.