खडूचं बेट

वर्गाच्या फरशीवर खडूनं काढलेलं बेट पुसायला माझा हात धजत नाही. आज चौथीला जुने दर्यावर्दी शिकवताना बाकांचं जहाज केलं, वर्तमानपत्राच्या टोप्या केल्या. जहाजावर कोण, बेटावर कोण, हे मी भराभर बोट दाखवत ठरवलं. पाड्यावरून चालत येणाऱ्या तिघी बेटावर गेल्या.

"बाई, आम्ही काय करायचं?" सुमननं विचारलं.

"काही नाही गं. ते तुम्हाला शोधायला येतील. तुम्ही नुसतं उभं राहायचं."

जहाज आलं, झेंडा रोवला, टाळ्या मीच वाजवल्या. माझं बोट आपोआप त्या तिघींकडे वळलं होतं, लाज वाटते ती त्याचीच.

घंटा झाली. सगळे डबा खायला पळाले. सुमन बेटाच्या वर्तुळातच उभी होती.

"बाई, आता हललं तर चालेल?"