मण्यार चावलेल्या काकू

मुलगी परदेशात सहा वर्षं डॉक्टरकी शिकून जबलपूरला परतली आणि इथल्या परवान्याच्या परीक्षेत नापास झाली. ती पास झाल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही. नातेवाईक हळहळले. मी विचारलं, "मग तिथे शिकवलं काय?"

"सगळं शिकवलं, आई. पण तिथे बर्फात बोटं गोठलेले लोक यायचे. इथे साप विचारतात, हिवताप विचारतात. तेही पेशंटची गोष्ट सांगून. साप चावला असं कोणी सरळ लिहीत नाही!"

म्हणजे अभ्यासक्रम खोटा नव्हता, त्याचा पत्ता चुकला होता. पोरीला इथले पेशंट हवे होते, आणि माझ्याकडे चैत्रागौरीचं हळदीकुंकू होतं.

दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी गावातल्या मराठी बायका दरवर्षी येतात. या वर्षी दारातच सांगितलं, आंब्याची डाळ आणि पन्हं मिळेल, पण आधी आजारी पडायचं. मुलीच्या पुस्तकातला एकेक आजार मी एकेकीच्या कानात सांगायचे, बाई तो करून दाखवायची, मुलीने ओळखायचा.

साधा आजार कोणालाच नको.

"वहिनी, मलाच काहून डेंग्यू देऊन राहिल्या? तो मला खराच झाला होता. दुसरं काही द्या!"

एकीने गालगुंडासाठी दोन्ही गालांत डाळ भरली आणि ठसका लागून खरीच आजारी पडायची वेळ आणली.

मग कमानिया गेटजवळच्या काकू उठल्या. त्यांनी आधी गोष्ट सांगितली: रात्री जमिनीवर झोपलेली बाई, पहाटे पोटात दुखतं, पापण्या उघडत नाहीत, अंगावर चावल्याची खूण नाही. काकू रेशमी साडीनिशी गौरीसमोर सतरंजीवर आडव्या झाल्या आणि कण्हायला लागल्या.

"अपेंडिक्स!" मुलगी म्हणाली.

"मेली मी," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "बेटा, जल्दी बताओ, पन्हं गरम होऊन राहिलं."

बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. मुलीने वाकून काकूंच्या पापण्या पाहिल्या आणि किंचाळली, "मण्यार! जमिनीवर झोपल्या होत्या ना तुम्ही!"

काकू ताडकन उठून बसल्या. टाळ्या पडल्या.

जूनमध्ये परीक्षा झाली. मुलगी हसतच बाहेर आली, तेव्हा मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

"आई, पेपरात काकू आल्या होत्या! जमिनीवर झोपलेल्या! मला हसू आवरेना, सुपरवायझर डोळे वटारून बघत होते."

निकालाच्या दिवशी ती "पास!" म्हणून ओरडली. मी आधी कुकरखालचा गॅस बंद केला, मग तिच्याहून मोठ्याने ओरडले. शेजारचे भैया धावत आले, त्यांच्या तोंडात पहिला पेढा कोंबला.

मुलीने फोन लावला तो काकूंना.

"अच्छा, माझ्याच पापण्यांनी पास झाली म्हणा," काकू म्हणाल्या. "आईला सांग, पुढच्या चैत्रात मला बसल्या बसल्या करायचा आजार दे. कंबर अजून दुखून राहिली."

"दाखवायला या, काकू," मुलगी म्हणाली. "आता मला पेशंटला हात लावता येतो."