विहिरीत उतरलेली नीळ

"आबा, पानी निळं झालं त्यात नवल काय? जयंतीचे निळे झेंडे धुतलं असत्याल विहिरीवर!"

ग्रामसभेत सरपंच असं बोलला आन् अख्खी सभा हसली. माझ्या हातात निळ्या पाण्याची बाटली.

मळवलीच्या वर, डोंगराच्या अंगाला पुण्याच्या साहेबांचा बंगला. खाली आमची बौद्ध वस्ती. वस्तीला एकच विहीर. बंगल्याच्या संडासाचा खड्डा मीच खणला, मजुरीनं. तळाला काँक्रीट टाका म्हणलो, तर साहेब म्हणाले, "तू खण. अक्कल चालवू नकोस." मी गप बसलो. ते गप बसणं आता आमी पितोय.

विहिरीला वास सुटला. घरोघरी जुलाब. माझी कारभारीण अंथरुणातनं उठंना. मागल्या सभेत सांगितलं, तर साहेब म्हणाले, "पुरावा आहे का? की उगाच आरोप? पाणी चांगलं आहे."

शाळा माझी दुसरीतच सुटली. पण पुरावा म्हंजी काय, ते कळतं. बंगल्याचा माळी आमच्याच वस्तीतला. त्याच्याकडनं कपड्याच्या निळीच्या बाटल्या तिथल्या संडासात ओतवल्या. तिसऱ्या दिवशी पोहरा निळा आला. विहिरीच्या काठावर म्हातारा मी नाचलो.

आन् सभेत हे.

साहेब तिथंच खुर्चीवर. मी बाटली त्यांच्या म्होरं धरली. "पाणी चांगलंय म्हणता ना? घोटभर प्या."

त्यांनी एका बोटानं बाटली लोटली. "शी! घाण आहे ती."

"तेच सांगतोय मी."

मग कुणी हसलं न्हाई. पण ठराव बी झाला न्हाई. सरपंचानं रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय काढला.

घरी कारभारणीनं इचारलं, "काय म्हणले?" मी चूल पेटवली. तेच पाणी उकळलं, तिला पाजलं. दुसरं आणू कुठनं?

रातभर एकच घोकत होतो. नीळ घरात होती म्हणून ओतली, तिथंच चुकलो. माझा रंग दिसला, त्यांना पाणी दिसलंच न्हाई.

आता गुलाल. त्यांच्या जत्रंत उधळतात तोच. संडासात सरपंचानं सवताच्या हातानं ओतायचा. तीन दिवस विहिरीवर त्यानंच बसायचं. पोहरा बी त्यानंच ओढायचा.

तो तयार होईस्तवर रोज सकाळी विहिरीची एक बाटली त्याच्या उंबऱ्यावर ठेवणार. आज ठेवून आलो. उद्या बी जाणार.