समोरच्या दारातली वारली आजी

दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या वयस्कर बाईचे रक्षण बंद दार करते की उघडे? या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, असे मी शिक्षिका म्हणून बरीच वर्षे समजत होते. ते तपासून पाहण्यासाठी हे लिहीत आहे.

शारजात, अल नहदाला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ती राहत असे. जव्हारकडची वारली बाई, सत्तरी ओलांडलेली. मुलगा फुजैऱ्याच्या बंदरात कामाला, शनिवार-रविवारीच घरी येणारा. सून दुबईत नर्स. सकाळी सून बाहेर पडली की ही दारात एक चप्पल अडकवायची आणि उंबऱ्याशी फतकल मारून बसायची. लिफ्टमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "जेवलास?" उत्तर मल्याळममध्ये आले तरी समाधानाने मान डोलवायची.

"दार का लावत नाही, आजी?" मी एकदा विचारले.

"बाय, आमच्या पाड्यावर दिसाचं दार लावत नाय. लावलेलं दिसलं का शेजारीण धावत येते. आत कोन आजारी हाय काय, बघाया."

मी ते कौतुकाने ऐकले आणि विसरले. तो इशारा होता, हे मला कळायला हवे होते.

वॉचमन रोज चप्पल काढायचा. "अम्मा, दरवाजा बंद करो. ऑर्डर है. खलास!"

"तू खलास. मी बसलीय अजून," ती म्हणायची आणि चप्पल पुन्हा जागेवर जायची.

मग एके दुपारी पत्ता चुकलेला पार्सलवाला दारात आला. तिने त्याला आत बसवले, पाणी दिले, वर भात-आमटी वाढली. सून घरी आली तेव्हा तो हात धूत होता.

"उन्हातून आलेला. बाहेरच उभा ठेवू त्याला?" आजीने विचारले.

सून मात्र हादरली. माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, त्या तुमचं ऐकतील. मला ड्यूटीवर सारखं टेन्शन असतं हो."

मी शिकवायला घेतले. आधी कडी, मग साखळी, मग "कोण आहे?" आठवडाभर रोज सराव. कडी वर ओढताना ती हसायची. "तू मास्तरीण. तू सांगशील तसा." चप्पल दारातून गेली. मला विद्यार्थी पास झाल्याचा आनंद झाला.

तिसऱ्या आठवड्यातला तो मंगळवार. मला शाळेची सुट्टी होती. मी त्या दारावरून चारदा गेले: दूध आणायला जाताना-येताना आणि बँकेत जाताना-येताना. चारही वेळा दार बंद होते. चारही वेळा मला बरे वाटले.

चारच्या सुमारास सुनेची हाक ऐकू आली. किल्ली फिरत होती, दार उघडत नव्हते. आतून कडी होती. तिने फोन लावला. तो आत वाजत राहिला. वॉचमनने दार फोडेपर्यंत मी तिथेच उभी होते आणि सकाळपासूनचे तास मोजत होते. ते मोजणे थांबवता येत नव्हते.

न्हाणीघराच्या दाराशी ती पडली होती, सकाळी आठपासून. खुबा मोडलेला, ओठ सुकलेले. मला पाहून म्हणाली, "दार लावला होता, बाय. सांगितलंस तसा." आणि थोड्या वेळाने, "हाक मारली. कोनी आला नाय."

ऑपरेशननंतर मुलाने तिला गावी पोहोचवले. ती आता वॉकरशिवाय उभी राहू शकत नाही.

दार उघडेच टाकावे, असे मी म्हणत नाही. सुनेची भीती खोटी नव्हती. पण आजीच्या रीतीचा अर्धाच भाग मी बदलला. तिला दार लावायला शिकवले. लावलेले दार वाजवायला मी शिकले नाही.

वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. आपल्या घरी एसी चालू ठेवून एकाने न्हाणीघरातून हाक मारावी, दुसऱ्याने मुख्य दार ओढून बाहेर उभे राहावे. ऐकू येते का, ते कृपया स्वतः तपासावे.