विकता न येणारी जमीन

"मी त्याची जमीन राहतो जी, वकीलबाई." बाक रिकामा असला तरी खाली उकिडवं बसून ते शेतकरी भाऊ हेच म्हणायचे. "भाऊ, जमीन नव्हे, जामीन," असं मी सांगितलं की मान डोलवायचे आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा जमीन म्हणायचे. तालुक्याच्या कोर्टाबाहेर कधी बसला असाल, तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

जिवतीच्या डोंगरात त्यांचं गाव. त्यांचा शेतशेजारी अटकेत होता. त्यानं रानडुकरांसाठी तारेत वीज सोडली आणि तिला चिकटून मेलं चितळ. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना, म्हणून तो जेलातच बसून होता. घरी त्याची आई अंथरुणाला खिळलेली. तिला पेज पाजायला हेच जात.

"तुमचा कोण लागतो तो?" मी विचारलं.

"कोणीच नाई. बोलत नाई आमी. शेताच्या धुऱ्यावरून भांडून राह्यलो, त्याच्या बापापासून."

कोर्टात फक्त 'शेजारी आहे, ओळखतो' एवढंच सांगा, असं मी त्यांना दहादा पढवलं. पोपट तरी पढवलेलं बोलतो.

"आरोपी तुमचा कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"दुश्मन हाय साहेब."

कोर्टात हशा पिकला. "मग त्याला जामीन का राहता?"

"त्याची माय त्याची वाट पाहून राह्यली. जीव अडकला हाय तिचा."

न्यायाधीशांनी जमिनीचा कागद मागितला. पण कागद निघाला वनहक्काच्या पट्ट्याचा. ती जमीन विकता येत नाही, कोर्टाला जप्त करून विकता येत नाही. आरोपी पळाला तर वसूल कशातून करायचं? जामीनदार नामंजूर झाला.

बाहेर आल्यावर तेच मला समजावू लागले. "विकता येत नाई, म्हणून तर पक्की हाय ना जी? ज्याची विकते तो कवाही पळन. मी कुठी जाऊ?"

माणसाची ऐपत अशी मोजणाऱ्या नियमाचा मला अजून राग येतो.

आरोपीला त्याच्या स्वतःच्याच हमीवर सोडावं, असा नवा अर्ज मी केला. तारीख पडली, पुढे गेली. एका सकाळी ते आले आणि जमिनीचं काहीच बोलले नाहीत.

"बुढी गेली जी. माती देऊन आलो."

मी जेलात निरोप धाडायला निघाले, तर त्यांनी अडवलं. "त्या चार भिंतीत कोणापाशी रडन तो? बाहेर येऊ द्या. मी सांगतो."

अर्ज मंजूर झाला. जेलच्या फाटकाशी आम्ही दोघं उभे होतो. तो बाहेर आला, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ आपल्या दुश्मनाजवळ आला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलला.

"माय कशी हाय?"

त्यांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली. "चाल. गाडी लागली असन," एवढंच म्हणाले.

ते मला पुन्हा कधी भेटले नाहीत. पाहिली ती त्यांची पाठच. पुढं हे पिशवी घेऊन झपाझप चाललेले, आणि मागून तो पुन्हा पुन्हा तेच विचारत.