मुशीच्या तेलातली काडतुसं

ती सकाळ मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असं वाटतही नाही.

दारूबंदीची वर्षं होती. मुरूडकडच्या खाडीवरच्या लहान ठाण्यात मी जमादार होतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण ठाण्याची हत्यारं आणि काडतुसं माझ्या ताब्यात. माझ्या हाताखालची वस्तू कधी गंजली नाही, हा माझा तोरा होता.

खबर आणली जाळी विणणाऱ्या एका म्हाताऱ्यानं. "आगरदांड्याला भरतीवर मचवा लागतोय. मीठ म्हनतील. मिठाखाली दमणची दारू हाय."

आमचे फौजदार तरुण, थेट भरती झालेले. मला आणि तीन शिपायांना घेऊन ते धक्क्यावर गेले. ऊन चांगलं वर आलं होतं. मचवा लागला, तशी त्यांनी थांबायची ताकीद दिली. मचव्याचा तांडेल कोयता घेऊन अंगावर आला. फौजदारांनी रिव्हॉल्व्हर झाडलं. पहिला बार फुसका निघाला, सादळलेल्या फटाक्यासारखा. त्यांनी लगेच दुसरा झाडला आणि नळीच फाटली. दोन बोटं जागच्या जागी तुटली. आम्ही त्यांना सावरेपर्यंत मचवा खाडीबाहेर.

वरच्या साहेबांचा हुकूम आला : आतल्याच माणसानं हत्यार बिघडवलं, तीन दिवसांत माणूस द्या.

संशय एकावरच होता. रिव्हॉल्व्हर साफ करणारा शिपाई तळा गावाकडचा, भातशेतीवाल्या घरातला. दोन दिवस आधी तो त्या तांडेलाबरोबर हॉटेलात चहा पिताना दिसला होता. गुन्हा शाबीत झाला असता तर नोकरी जाऊन वर तुरुंग होता.

मी त्याला धक्क्यावरून लोकांदेखत धरून आणलं आणि समोर बसवलं. "तांडेलानं काय दिलं तुला?"

"च्या. तोबी अर्धा."

"नळीत काय कोंबलंस?"

"काय न्हाय, जमादार. नळी फडक्यानं पुसली. काडतुसं त्यालात बुडवली, पुसली, परत भरली. दर सोमवारी करतो तेच."

"ते सोड. नळीचं बोल."

दोन दिवस हेच चाललं. मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या, ते लपवत नाही. तो रडला नाही. एवढंच म्हणाला, "मारा. पन मी चोर न्हाय." खोटं बोलणारा माणूस दर खेपेला गोष्टीत काहीतरी घालतो. हा घालत नव्हता. तीन वेळा विचारलं, तीनही वेळा तेच शब्द. माझ्या मनाला तेव्हाच खटकायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी फुटकं रिव्हॉल्व्हर आणि उरलेली चार काडतुसं घेऊन मी अलिबागला बंदुका दुरुस्त करणाऱ्या सरकारी मिस्त्रीकडे गेलो. त्यानं नळी उजेडात धरली, आत सळई घालून पाहिली.

"चिंधी नाही, माती नाही. एकामागं एक दोन गोळ्या आहेत. पहिलीला बाहेर पडायला जोर पुरला नाही, ती आतच अडकली. दुसरी मागून येऊन तिच्यावर आदळली. नळी फाटणार नाही तर काय?"

"पहिलीला जोर का नाही?"

त्यानं पकडीनं एक काडतूस उघडलं. आतली बंदुकीची दारू मोकळी सांडायला हवी होती. ती तपकिरीच्या ओल्या गोळीसारखी बाहेर आली. मिस्त्रीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. "जमादार, ह्या गोळ्या झाडायच्या होत्या की तळायच्या होत्या? माशाचं तेल मुरलंय आत!"

ते मुशीचं, म्हणजे शार्कचं, तेल होतं आणि हुकूम माझा होता. माझा बाप होडीवाला. होडीच्या फळीला मुशीचं तेल चोळलं की वर्षानुवर्षं लाकूड सडत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. खाऱ्या हवेनं काडतुसांचं पितळ हिरवं पडायला लागलं, तेव्हा मीच ऐटीत सांगितलं होतं : वाटीत तेल घ्या, बुडवून ठेवा. फळीला जे मानवतं ते काडतुसाला मानवेल, असं मला वाटलं. शिपाई पहिल्या दिवसापासून तेच सांगत होता. माझाच हुकूम, म्हणून मी ते जमेस धरलंच नाही.

मिस्त्री भला माणूस होता. हळूच म्हणाला, "शिपायानं आपल्या मनानं तेल घातलं, असं लिहून देऊ? त्याचं कोण ऐकतंय?"

"नको. हुकूम जमादाराचा, असं लिहा."

साहेबांनी माझा जबाब वाचून कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला. "जमादार, बढतीच्या यादीत नाव आहे तुमचं. अजून विचार करा."

"विचार करूनच लिहिलंय, साहेब."

नाव यादीतून गेलं. फौजदार व्हायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

शिपाई कामावर परत आला. मी त्याला म्हणालो, "चुकलो मी." तो म्हणाला, "इथं खोलीत नका सांगू, जमादार. माझी अब्रू धक्क्यावर गेली, तितं सांगा."

मला राग आला. तरी गेलो. भर बाजाराच्या वेळी, मासळीवाल्या बाया, हमाल, हॉटेलवाला सगळ्यांपुढं मोठ्यानं सांगितलं की ह्या माणसाचा दोष नाही, दोष माझा. एक बाई म्हणाली, "आता समजला व्हय, जमादार?" लोक हसले. मी ऐकून घेतलं.

पुढं नोकरीभर एक नियम पाळला. ठाण्यात काही बिघडलं की पहिला जबाब मी स्वतःचा लिहायचो : मी काय हुकूम दिला, कधी दिला, कुणाला दिला. मग दुसऱ्याला समोर बसवायचो. पुष्कळ वेळा दुसऱ्याला बसवायची गरजच पडली नाही.